न फाटणारा पतंग

पतंग उडाला तर सुतळीमास्तरांचा तिहेरी फायदा होता. पहिला, अण्णांचा दुसरा डोळा. दुसरा, 'तू आपला फिरकी धरायला बरा' हे वाक्य कायमचं बंद. हे वाक्य मास्तर आठव्या वर्षापासून ऐकत आले होते आणि आता त्यांना बावन्नावं चालू होतं. तिसरा फायदा म्हणजे जिन्यात भेटणारी माणसं त्यांना दुसऱ्या एखाद्या नावानं हाक मारतील अशी शक्यता. हा तिसरा त्यांनी स्वतःच नंतर यादीतून काढून टाकला. माणसानं फार हावरेपणा करू नये.

पतंग नाही उडाला, तर नुकसान एकच होतं, पण ते या तिन्हींना पुरून उरणारं. अण्णा, म्हणजे मास्तरांचे वडील, वय वर्षं एक्याऐंशी, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूला हात लावू देणार नव्हते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झालं आणि तिथंच घोटाळा झाला. डोळा उत्तम झाला. इतका उत्तम झाला, की अण्णांना पंख्यावरची धूळ दिसली, भिंतीवरची ओल दिसली, मुलाच्या डोक्यावरची विरळ जागा दिसली आणि शेवटी आरशात स्वतःचं तोंड दिसलं. त्यांनी जाहीर केलं, "एक डोळा पुरे. बघण्यासारखं जे आहे त्याला दोन डोळे लागत नाहीत." डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, महिन्याभरात केलं तर सोपं आहे, मोतीबिंदू फार पिकला तर मी शब्द देणार नाही. मास्तरांनी समजावलं, सूनबाईंनी समजावलं. अण्णा 'हं' म्हणायचे आणि बरोबर उजवीकडच्या दाराच्या चौकटीवर आदळायचे.

मग एका रविवारी खिडकीतून त्यांना आभाळात एक पतंग गटांगळ्या खाताना दिसला.

"नवशिका दिसतोय," अण्णा नव्या डोळ्यानं बघत म्हणाले. "ह्या वाऱ्यात पतंग उडवणारा आता कुणी राहिला नाही."

"मी उडवीन," मास्तर पेपरमधून म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. तोंडातून गेलं.

अण्णा इतके हसले की कवळी सरकली. ती जागेवर बसवून म्हणाले, "बाळ्या, तू आपला फिरकी धरायला बरा."

"आणि उडवला तर?"

"उडवला तर तुझ्या त्या डॉक्टरकडे येतो. पण नुसता वर गेला नि खाली आला, हे चालायचं नाही. माझा एक चहा होईपर्यंत वर राहिला पाहिजे. आणि मुदत शनिवारपर्यंत."

इथं थोडं थांबायला हवं, कारण 'अण्णांचा एक चहा' हे त्या घरातलं वेळेचं माप होतं. अण्णा चहा पीत नसत, तो ते पार पाडत. दुहेरी बुडाचा जाडजूड स्टीलचा पेला, त्याच्यावर झाकण, आणि प्रत्येक घोटाआधी मोजून अकरा फुंकरा. उकळता चहा त्यांना उकळताच हवा असे आणि पिताना मात्र कोमट. मधल्या काळात घरातली बरीच कामं उरकत. एक चहा म्हणजे बावीस मिनिटं. भात शिजायला पाऊण चहा, कपड्यांच्या मशीनला अडीच चहा. मास्तरांचं ऑफिस घरापासून एक चहा आणि थोडं वर.

ऑफिस म्हणजे मालवाहतुकीचं गोदाम. मास्तर तिथं अठ्ठावीस वर्षं पार्सलांच्या बांधणीवर देखरेख करत होते. त्यांच्या हाताखालून गेलेलं पार्सल वाटेत फुटलं, असं आजवर झालं नव्हतं. हलेल तिथं सुतळी, फाटेल तिथं पट्टी, आणि शंका असेल तिथं दोन्ही, असा त्यांचा धर्म. त्यांची एक खास गाठ होती, ती कापावी लागे, सुटत नसे. गोदामातली माणसं तिला मास्तरांची गाठ म्हणत. मास्तर त्यावर काही बोलत नसत, पण दिवसभर बरे वागत.

पहिली अडचण गच्चीची. इमारतीच्या दोन्ही बाजूंना उंच बिल्डिंगा उठल्यापासून मधल्या फटीतून चार वाजता जो वारा सुटे, त्यात वाळत घातलेला सदरा अंगात माणूस असल्यासारखा उभा राही. शिवाय गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी निवृत्त झाल्यापासून ऑफिसच्या आठवणीनं व्याकूळ होते आणि ती आठवण ते सोसायटीच्या रजिस्टरवर भागवत.

"कारण काय लिहू?" त्यांनी पेन उघडून विचारलं.

"पतंग."

"पतंग असा रकाना नाही. कपडे वाळवणे, डिशची दुरुस्ती, टाकीची देखभाल. तीनच आहेत."

"मग चौथा काढा."

"चौथा रकाना काढायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. कोरम लागेल. गेल्या वर्षीचा कोरम अजून झालेला नाही." सेक्रेटरींनी दयाळूपणे मार्ग काढला. "टाकीची देखभाल लिहितो. तुम्ही जाता जाता टाकीकडे एकदा बघा, म्हणजे खोटंही नाही."

मास्तरांनी सही केली. ही सही लक्षात ठेवावी.

दुकानातून आणलेले दोन पतंग गच्चीवर नेल्यावर पाचव्या मिनिटाला फाटले. पहिला तर हातातच फाटला. अण्णा खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "मी ह्या पैजेत पार्टी आहे. पार्टीनं सल्ला द्यायचा नसतो." तरुणपणी अख्ख्या मोहल्ल्याचे पतंग उतरवणारा माणूस, आणि आता तोंड मिटून बसलेला. त्याचे हाल त्यालाच ठाऊक.

मास्तरांनी मात्र फाटलेला कागद हातात घेतला आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पतंग समजला. हे तर पार्सलच होतं! चुकीचं बांधलेलं.

त्या रात्रीपासून घराचं गोदाम झालं. कागद गेला, पेट्यांच्या आतून लावतात ते पातळ मेणकापड आलं. कडा शिवायला मास्तर तळमजल्यावरच्या लेडीज टेलरकडे गेले. टेलरनं कापड चिमटीत धरून विचारलं, "अस्तर लावायचं?"

"पतंग आहे हो."

"पतंगच म्हणतोय. आजकाल सगळे अस्तर लावून घेतात." मग डोळे बारीक करून, "मापाला कुणाला आणताय?"

मेणकापडाचा पतंग फाटला नाही. त्याची कमान मोडली. तेव्हा मास्तरांनी वहिनींच्या छत्रीच्या काड्या काढल्या. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू.

"अहो, ती चांगली छत्री होती," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच घेतली. मोडकी छत्री काय कामाची?"

कमान मोडली नाही, तेव्हा दोर तुटला. मास्तरांनी गोदामातला नायलॉनचा दोर आणला. दोर तुटेना, तेव्हा तळहात कापले. गोदामातले चामडी हातमोजे आले. एकेक कच्चा दुवा पक्का होत गेला आणि प्रत्येक वेळी कच्चेपणा आपला बाडबिस्तरा उचलून पुढच्या दुव्यात राहायला गेला. हे तत्त्व मास्तरांच्या ध्यानात आलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांना आनंद एवढाच, की पतंग काही फाटत नव्हता. आनंदाच्या भरात त्यांनी पतंगावर गोदामाची एक चिठ्ठीही चिकटवली: बाण, आणि 'ही बाजू वर'.

पतंग वर मात्र जाईना. उचलल्याबरोबर तो चवताळायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि गच्चीवर तोंड आपटायचा. दर वेळी अण्णांना खोकला यायचा.

"गच्चीवरच्या वाऱ्यानं घसा धरलाय त्यांचा," मास्तर हळहळले आणि त्यांनी अण्णांना खोकल्याचं औषध सुरू केलं. दोन चमचे, दिवसातून तीनदा. अण्णांनी औषधाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि प्यायले. पार्टीनं बोलायचं नसतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे पुलवाले मदतीला आले. पुलवाले म्हणजे पूल बांधण्यात हयात घालवलेले इंजिनिअर. आपला एकही पूल पडला नाही हे ते दर भेटीत एकदा सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याला उगीच शंका येई.

"मास्तर, तुम्ही वारा अडवताय," ते म्हणाले. "वारा अडवायचा नसतो, त्याला वाट द्यायची. भोकं पाडा. चार. मी आकडेमोड करून आणलीय."

आकडेमोड आठ पानं होती. मास्तरांनी कात्री घेतली आणि त्यांचा हात थांबला. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं भोकं बुजवली, त्यानं चांगल्या शिवलेल्या मालाला स्वतःहून भोक पाडायचं? वहिनी सांगतात, पहिलं भोक पाडताना त्यांनी तोंड फिरवलं होतं.

तरी चार भोकं पडली. पुलवाल्यांनी पट्टी लावून मोजली. मग रात्री टीव्हीवरच्या बातम्या बघता बघता मास्तरांच्या मांडीवर पतंग होता, शेजारी चिकटपट्टी होती, आणि हाताला जी सवय होती ती होती. बातम्या संपल्या तेव्हा तीन भोकं व्यवस्थित बुजलेली होती. वर दुहेरी पट्टी.

दुसऱ्या दिवशी पतंग उचलला आणि उघड्या राहिलेल्या एका भोकाच्या बाजूला असा कलला, की सगळी गच्ची आडवी कापत गेला. तिसऱ्या मजल्याच्या दोरीवरच्या तीन चादरी आणि एक बंडी घेऊन तो टाकीमागे विसावला. चिठ्ठीवरचा बाण जमिनीकडे.

"आठ पानं!" पुलवाले बुजलेल्या भोकांकडे बघून ओरडले. "माझी आठ पानं, मास्तर!"

मास्तर खुर्चीजवळ खाली बसले. चादरी त्यांच्या मांडीवर होत्या. शनिवार तोंडावर आला होता, डॉक्टरांनी दिलेला महिना सोमवारी संपत होता, आणि वय बावन्न. ते हळूच म्हणाले, "अण्णा, तुम्ही उगीच का आंधळे राहताय? माझ्या पतंगावर डोळा कशाला पणाला लावता?"

अण्णा टाकीकडे बघत म्हणाले, "शनिवारपर्यंत वेळ आहे ना अजून?"

त्या संध्याकाळी मास्तर कण्णी बांधायला बसले. कण्णी म्हणजे पतंगाच्या पोटाला बांधतात ती दोऱ्याची जोडी. तिच्यात मुख्य दोर कुठं अडकवायचा यावर पतंगाची मान वर राहणार की खाली, हे ठरतं. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण भिंतीवर आरसा होता. मास्तरांनी गाठ खाली धरली. अण्णांना खोकला आला. आणखी खाली धरली. ढास लागली. मास्तर औषधाची बाटली आणायला उठले.

"अहो थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते. "गाठ जरा वर घ्या बघू."

"कशाला?"

"घ्या तर. आणखी बोटभर. हां." खोकला थांबला. "आता तिथंच बांधा."

"औषध लागू पडलं," मास्तर समाधानानं म्हणाले आणि त्यांनी तिथंच गाठ मारली. मग वहिनींनी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि ती बुजवलेली भोकं?" पलंगावरून एक लहानसा खोकला आला. मास्तरांनी तीनही पट्ट्या काढल्या. "शेपटी लावायची का हो ह्याला, पडद्याच्या पट्टीची?" पलंगावर शांतता. शेपटी लागली. "दोन हात?" खोकला. "चार हात?" शांतता. सहा हातांवर पुन्हा खोकला आला, तेव्हा चारावर कापली.

शनिवारी चार वाजता सगळे गच्चीवर होते. पुलवाल्यांच्या हातात घड्याळ. टेलर आपला माल बघायला आलेला. सेक्रेटरी रजिस्टर घेऊन, कारण देखभालीला आठवडा झाला होता आणि टाकीत नक्की काय बिघडलंय हे त्यांना आता खरंच कळायला हवं होतं. वहिनींच्या हातात पेला, वर झाकण.

मास्तरांनी पतंग सोडला.

तो गेला. भोकांतून वारा शिट्टी घालत गेला, शेपटी एकदा सळसळली आणि पतंग दोन बिल्डिंगांच्या मधल्या फटीतून वर चढला, ताठ, खुंटीला टांगल्यासारखा. 'ही बाजू वर', आणि ती बाजू वर होती.

"चहा," अण्णा म्हणाले. झाकण निघालं. वाफ आली. पहिली फुंकर, दुसरी, तिसरी. पुलवाल्यांनी घड्याळ दाबलं.

दोन मिनिटं मास्तर आभाळाएवढे होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या चपला गच्चीवरून घसरू लागल्या. न फाटणारा पतंग, न मोडणारी कमान, न तुटणारा दोर, आणि शेवटी एकाहत्तर किलोचे मास्तर. कच्चेपणा हिंडत हिंडत त्यांच्यापर्यंत येऊन पोचला होता.

"बांधा कुठंतरी!" टेलर ओरडला.

"टाकीच्या पाइपाला!" पुलवाले म्हणाले. "सोसेल. माझा शब्द."

मास्तरांनी पाइपाला दोन वेढे देऊन आपली ती गाठ मारली. पतंग जागच्या जागी थरारला आणि स्थिर झाला. पाचवं मिनिट. अण्णांचा पहिला घोट झाला होता आणि दुसऱ्याच्या फुंकरा चालू होत्या. अजून सतरा मिनिटं. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि पाइपानं एक बारीकसा आवाज केला.

"हे काय वाजलं?" सेक्रेटरी.

"काही नाही, बसतोय जागेवर," पुलवाले म्हणाले. "माझा एकही पूल..."

जोडातून पाण्याची एक चिळकांडी उडाली आणि पुलवाल्यांच्या घड्याळावर पडली.

"सोडा ते! सोडा!" सेक्रेटरी ओरडले. मास्तर गाठीला भिडले. हातमोजे काढून भिडले. नखांनी, दातांनी. पण ती मास्तरांची गाठ होती. अठ्ठावीस वर्षांत ती सुटली नव्हती आणि आजचा दिवस त्यासाठी तिला योग्य वाटला नाही. पाइप वाकला. मास्तरांनी दोन्ही हातांनी तो मिठीत धरला, पाय टाकीला लावले आणि मान वर करून आभाळाकडे ओरडले, "थांब रे! थांब थोडा!"

हे पतंगाला म्हणाले, पाइपाला म्हणाले की आणखी कुणाला, ते कळायला मार्ग नाही.

"झाला!" मागून अण्णांचा आवाज आला. जरा विचित्र आवाज. "झाला चहा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. अण्णांनी पेला उलटा धरला होता. एक थेंब पडला.

आणि पाइप तुटला. हातभर तुकडा मास्तरांच्या मिठीतून निसटून पतंगामागोमाग निघाला. पाण्याचा खांब उसळला, त्यात सेक्रेटरी, रजिस्टर, टेलर. पतंग तुकडा लोंबकळवत समोरच्या बिल्डिंगवरून मोठ्या डौलानं लांब गेला आणि कुठंतरी मैदानापलीकडे बसला. फाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा चिठ्ठीसुद्धा जागेवर होती.

"सात मिनिटं दहा सेकंद," पुलवाले ओलं घड्याळ झटकत म्हणाले. "इतक्यात चहा झाला?"

"तहान लागली होती," अण्णा म्हणाले. 'त'चा उच्चार नीट झाला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, डाव्या, नव्या डोळ्यातूनसुद्धा. "वारा लागतोय डोळ्याला. खाली चला. डॉक्टरला कळव, बाळ्या."

वहिनी पाण्याचा मुख्य नळ बंद करायला धावल्या. मास्तर भिजलेले, जिंकलेले, हसत हसत खुर्चीपाशी गेले आणि अण्णांच्या हातातला पेला घ्यायला त्यांनी हात पुढं केला. हातमोजे काढलेले होते. पेला बोटांना लागला आणि त्यांनी तो चटका बसून सोडून दिला. पेला गच्चीभर खणखणत गेला.

मास्तरांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा दुसरीकडे बघत होते. मास्तरांनी आपल्या ओल्या सदऱ्याच्या टोकात पेला उचलला, दुसरा हात वडिलांच्या काखेत घातला आणि उजवीकडच्या चौकटीपाशी त्यांना जरा डावीकडे घेतलं.

सोमवारी डॉक्टरांनी अण्णांना नाव विचारलं तेव्हा ते फक्त 'हं' म्हणाले.

"तोंडाला काय झालंय ह्यांच्या?"

"दोळा दाखवायताय," अण्णा म्हणाले. "दीभ नाही."

डोळा झाला. उत्तम झाला. आता अण्णांना दोन्ही डोळ्यांनी धूळ दिसते.

हिशोब असा मिटला. सगळी इमारत दीड दिवस बिनपाण्याची राहिली. पाइप मास्तरांनी बदलून दिला, कारण रजिस्टरात त्यांच्याच सहीनं 'टाकीची देखभाल' लिहिलेलं होतं आणि सेक्रेटरींनी खाली लाल शाईत 'असमाधानकारक' असा शेरा मारला. वहिनींची छत्री गेली. पुलवाले आपल्या पुलांविषयी बोलायचे बंद झाले, हा मात्र सगळ्यांचा नफा. मास्तरांना जिन्यात अजून सुतळीमास्तरच म्हणतात, पण फिरकीचं ते वाक्य पुन्हा घरात उच्चारलं गेलं नाही. अण्णांना बोलता येऊ लागलं तरीही नाही.

वेळेचं मापही घरात जुनंच चालू आहे. अण्णांचा एक चहा म्हणजे बावीस मिनिटं, अकरा फुंकरांसकट. एकदाच तो सात मिनिटांचा झाला. उरलेली पंधरा मिनिटं अण्णांनी आपल्या जिभेनं भरली.